चमच्याची गरी

लोकचंद समुद्रावरून आला तो होळीच्या आधीच,
रत्नागिरीकडच्या ट्रॉलरवर दोन हंगाम काढून.
बॅगेत तीन गऱ्या, दोन पितळी फिरक्या,
आणि शर्टाच्या कॉलरला असं पांढरं काही
की तीनदा धुतलं तरी वाळल्यावर पुन्हा वर येई.
मी जिभेनं चाखून पाहिलं.
कोणी बघत नव्हतं.

"चालत्या डोंग्यामागं दोर सोडाचा," तो म्हणाला,
"बसल्या गरीले जो मासा इचारत नाही
तो पळत्या गरीमागं धावते."
मामंजी पडवीत जाळं सांधत होते.
मान वर न करता म्हणाले,
"आमचं खानदान बसून बसून म्हातारं झालं,
अन् याले मासा पळवत आणाचा हाय."

पैशाचं म्हणाल तर घरात चारशे होते,
त्यातले तीनशे सिलिंडरसाठी बाजूला.
पवनीच्या बाजारात दोर घेतला, साठ रुपयांचा, चहाच्या रंगाचा.
शिसं पंक्चरवाल्या इरफाननं फुकट दिलं,
मोटारीच्या चाकावरून निघालेले तुकडे.
दोर गुंडाळायला दूध पावडरचा डबा.
राहिला चारा.
दुकानात प्लास्टिकचा मासा टांगला होता, अडीचशेचा,
डोळे रंगवलेला, पोटाला चंदेरी.
लोकचंद त्याच्याकडं बघत राहिला
आणि मी लोकचंदकडं.

घरी येऊन मी आंदणातला चमचा काढला.
दांडा कापला. दोन भोकं पाडायला
अख्खी दुपार आणि एक खिळा गेला.
एकीत फिरकी, एकीत गरी.
दांड्यावर माझं माहेरचं नाव होतं कोरलेलं,
तो खिडकीत ठेवून दिला.

डोंगा मी वल्हवायचा असं ठरलं,
कारण दोर धरायचं त्याला माहीत
आणि पाण्याखालचं गाव मला.
धरण भरलं तेव्हा तो लहान होता,
मी मात्र त्या गल्ल्यांतून दळण नेलं आहे.
"किती जोरानं?" मी विचारलं.
"माहेरी निघतेस तसं नोको.
भरली गुंडी घेऊन घरी येतेस तसं."

तीस हात दोर मागं गेला.
चमचा पाण्यात एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर,
ताप आलेल्या पोरासारखा.
पाटलाच्या चिंचेवरून गेलो, काही नाही.
हनुमानाच्या पाराला वळसा घातला, काही नाही.
हापशीपाशी दोर ताणला, लोकचंद उभाच राहिला,
डोंगा कलला, आणि कळलं
की आम्ही हापशीच धरली आहे.
ओढून ओढून सुटली. गरी सरळ झाली होती.
आता दोन.
तो बराच वेळ बोलला नाही.
समुद्रात म्हणे खाली कोणाचं काही नसतं.

दुसरी गरी बांधली तेव्हा ऊन डोक्यावर होतं.
मी शाळेच्या बाजूनं घेतलं.
पाणी उतरलेलं, भिंत वीतभर खाली,
हिरवट, अंगावर शेवाळ.
भिंतीला लागून, अगदी लागून, हळूच,
घंटा व्हायच्या आधी आत शिरावं तसं.
डबा लोकचंदच्या हातून निसटला
आणि डोंग्याच्या तळात गरगर फिरायला लागला.

मरळ. सव्वा किलो.
वर येईपर्यंत दोघंही एकमेकांना शिव्या देत होतो.
चमचा वाकला होता, त्यावर दातांचे ओरखडे.

संध्याकाळी चुलीवर मसाला भाजत होते तर
मामंजी आत आले, जे ते कधी येत नाहीत.
मासा पाहिला नाही. चमचा घेतला हातात,
उलटा केला, सुलटा केला.
"कोठं लागला?"
"शाळेच्या भिंतीपाशी."
"कोणत्या?"
"मागल्या."
ते थांबले. बोटानं हवेत काहीतरी मोजलं.
"तिसरीचा वर्ग," म्हणाले,
"मी तेथूनच पळून आलो होतो."