टेप सत्तेचाळीस, बाजू ब

मंगळवार. बडोदा, दांडिया बाजार,
वाचनालयाच्या मागची खोली.
खिडकीखाली तो संगणक, अजून एक्सपीवरच,
कारण आमचा प्रिंटर दुसऱ्या कशाला जुमानत नाही.

हंबीर शिर्के रेल्वेच्या दवाखान्यातून आला,
दिवसभर टेलिफोन जोडून दमलेला.
काठीची घडी करून पिशवीत कोंबली.
ताई, सत्तेचाळीस लागत नाही.
नववीचा इतिहास. मुलीला ऐकवायचाय.

रतलामहून बदली होऊन आलेला हा माणूस,
आमची ओळख तीन मंगळवारांची.
सत्तेचाळीस मी वाचली होती हे त्याला ठाऊक नव्हतं.
वाचणाऱ्याने नाव सांगायचं नाही, असा तेव्हा नियम.
शहाऐंशी साल, बँकेतून सुटल्यावर,
पंखा बंद करून, कारण पंखा टेपवर उतरतो.
पानं बोटांना चिकटायची.

पुढे कुणीतरी कॅसेटींच्या फाइली केल्या,
हौसेने मराठीत नावं दिली.
ह्या यंत्राला त्यात नुसते चौकोन दिसतात.
सात चौकोन, एक रेघ, दोन चौकोन:
ती मी असणार, असं धरून
डबल क्लिक केलं.

काही नाही.

सुरू होताना धून वाजली होती?
वाजली.
मग स्पीकर निर्दोष, म्हणाला,
तरी वाकून मागच्या वायरी चाचपल्याच.
ही कुठल्या रंगाच्या भोकात आहे?
हिरव्या.
बरोबर. खाली उजवीकडे कर्णा असेल, दाबा दोनदा.
पट्ट्या किती?
चार.
वेव्हच्या खाली खूण आहे का, म्यूटला?
होती. कुणी केली देव जाणे. काढली.
पुन्हा क्लिक.

आवाज नाहीच, पण आता एक पेटी उघडली.
वाचा.

मी चष्मा लावला, वाचलं:
ही फाइल वाजवता येत नाही.
प्लेअरला हा प्रकार ठाऊक नसावा,
किंवा ज्या कोडेकने ती दाबून भरली
तो ह्या संगणकावर नसावा.

परत वाचा.
परत वाचलं.
मान तिरकी करून ऐकत होता.
मला वाटलं अडलं असेल,
कोडेक म्हणजे, सांगू लागले...
कोडेक माहीत आहे हो, म्हणाला.
'किंवा'च्या आधी तुम्ही अजून थांबता.
तहाच्या अटी वाचताना थांबायचात, तशा.

पेटीवर ओके लिहिलेलं होतं.
मला बराच वेळ ते दाबता आलं नाही.

बोलताना ओळखूच आला नाहीत, तो म्हणाला,
बोलताना तुम्ही अगदीच बँकेतल्या.

समोरच्या झेरॉक्सवाल्याचा परेश
पेनड्राइव्ह घेऊन आला,
कोडेकांचा अख्खा गठ्ठा ओतून गेला. बीजुं कांई?
पैसे घेतले नाहीत.
यंत्र बंद झालं, कुंथत चालू झालं, धून वाजली,
सात चौकोन, एक रेघ, दोन चौकोन,

आणि मी बोलले,
खारीच्या आवाजात, धापा टाकत,
सन, सनावळ्या, किल्ले, सगळं एका दमात.
थांबवायला हात पुढे केला,
त्याने मनगट धरलं.
राहू द्या. परीक्षेच्या आदल्या रात्री
मी तुम्हाला असंच पळवायचो.
एका रात्रीत अकरा धडे.

ओठ हलत होते त्याचे, टेपच्या थोडे पुढेच.
मी पेपर तपासावा तशी बघत राहिले.

मग त्या पळापळीत एक खाच आली,
खुर्ची करकरली,
कुणीतरी पान उलटलं, त्याची घडी उलगडली.

इथे काय होतं? हंबीरने विचारलं.
इतकी वर्षं विचारायचं होतं. पान मोठं वाटतं.

नकाशा होता.
घडीचा, रंगीत.
मला तेव्हा कळेना, तो कुठून वाचायचा.