न नेलेली पानं

वाल्दिव्हियात, नदीपलीकडे, वनशास्त्राची शाखा आहे:
एक मजला, चार खिडक्या,
लाकडाच्या चकत्यांचं एक कपाट
आणि उसने द्यायचे अकरा लॅपटॉप.
बारावा कुणी परत केलाच नाही.
त्याची चार्जिंगची रिकामी खाच ओर्तेन्सिया अजून पुसते.

माझं काम सोपं. मी त्यांना विसरायला लावतो.
परत आला की बंद, चालू,
आणि यंत्र कोरं,
जणू कुणाची बोटं लागलीच नाहीत.
झाकणावर ठळक लिहिलंय, इथे काही ठेवू नका.
पण पाट्या वाचायला कोण येतं ग्रंथालयात?

मंगळवारी नाउएल आला, बूट चिखलाने भरलेले.
अलेर्सेच्या खोडांची वलयं दोन वर्षं मोजून
लिहिलेलं तिसरं प्रकरण,
सात नंबरच्या लॅपटॉपवर.
"डेस्कटॉपवरच होतं," तो म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, आत्ता तर इथे बसली होती.

मी सात नंबर उघडला. शोधल्यासारखं केलं.
ठाऊक होतं काही निघणार नाही;
ही व्यवस्था मीच बसवलीय, आणि चोख बसवलीय.
तरी पंधरा मिनिटं कळा दाबत राहिलो,
डॉक्टर नाडी धरून बसतो ना, घरच्यांसाठी, तसा.

ओर्तेन्सिया काही न बोलता उठली.
प्रिंटरखालचा खोका तिने बाहेर ओढला:
महिन्याभराची न नेलेली पानं.
बसचं वेळापत्रक, कुणाचा भाडेकरार,
समुद्रसिंहाचं चित्र पाच वेळा, पाचही वेळा अर्धंच,
आणि मग वलयं.
पान चार. पान नऊ. पान पाच.
चौदातली अकरा सापडली.
शाई संपत आली होती, म्हणून आलेखातली
शेवटची, दुष्काळाची वर्षं
जवळजवळ नाहीतच.

हा खोका दर शुक्रवारी रिकामा करायचा असा नियम आहे.
नियम मी लिहिलाय.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

नाउएल सात नंबरच घेऊन खिडकीशी बसला,
उरलेली तीन पानं आठवत.
मी त्याला माझा पेनड्राइव्ह दिला
आणि तक्रारीपुढे लिहिलं: काम झालं.
मग खोडून: बिघाड नव्हता.
तिसरा पर्याय यादीत नाही.

जाताना पाहिलं,
ओर्तेन्सियाने खोका परत आत सरकवला,
पायाने, हळूच.