अर्थिंग

गाडी चालू केली की शीळ.
अॅक्सिलेटर दाबावा तशी चढत जाणारी,
गाण्याच्या मागं लागलेली.
आवाज शून्यावर आणला तरी ती आपली होतीच.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारनं
आधी इंजिन बंद करायला लावलं. गप्प.
चालू. शीळ.
मग टेपमागची एकेक वायर उपसत
टॉर्च धरून वाकलेल्या मला म्हणाला,
"गाणं ऱ्हाऊ द्या. शिट्टीच ऐका."

पाऊण तास आम्ही दोघं शिट्टी ऐकत बसलो.
शेजारच्या लेथवर कुणीतरी पितळ कापत होतं.

सीटखाली एक नट सापडला.
"घट्ट हाय बघा. पण रंगावर बसवलाय.
पत्र्याला टेकलाच न्हाई कधी."
कुणी बसवला, त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढा रंग खरवडला,
खालून पत्रा निघाला, कोरा करकरीत,
अकरा वर्षं झाकलेला.

पैसे किती, तर म्हणे चहाचे द्या.

रंकाळ्याच्या वळणावर तेच गाणं लावलं.
ओळ सुरू होण्याआधी
बाई श्वास घेते.