टाका

शुक्रवारी दुपारी, सूरच्या बंदरात,
चपला बाहेर काढून जहाजावर चढायचं होतं.
फळकुटावर ओळीनं ठेवल्या आम्ही:
माझे सेफ्टी बूट, होडेकरच्या निळ्या स्लिपरा,
कुणा फिलिपिनो बाईंच्या चंदेरी, लहानशा.

तिकीट दोनशे बैसे.
जहाजाचं वय सहा वर्षं, सालिम म्हणाला,
पण जन्म हजार वर्षांपूर्वीचा.
रोज म्हणत असणार. तरी हसला.

एकही खिळा नाही.
सागाच्या फळ्यांना भोकं पाडून
काथ्यानं शिवल्यात एकमेकींना,
वरून मुशीच्या तेलाचा हात. वास असा
की होडेकर थेट जयगडला पोचला.
मी कुठंच पोचलो नाही. माझ्या गावाला
वेदगंगा आहे, तीही मे महिन्यात घोट्याएवढी.

होडेकर बोट लावून नावं सांगत गेला:
नाळ, पठाण, डोलकाठी.
सालिम त्याच जागांची आपली नावं सांगे.
एका शब्दापाशी दोघंही थांबले. नाखवा. नाखुदा.
मग एकमेकांच्या पाठीवर थापा,
सोयरीक निघाल्यासारख्या.

मी शिवण बघत होतो.
एकवीस वर्षं लोखंड जोडतोय.
काळ्या काचेआडून उजेड बघायचा,
तो विझला की मागं राहिलेली रेघ तपासायची,
खवल्यावर खवला बसलाय का.
जोडात टाचणीएवढी हवा राहिली
तरी इंजिनिअर खडूनं गोल करतो,
आणि रात्रपाळी.

इथं जोडातून पाणी येतंच, सालिम सांगतो.
येऊ द्यायचं. लाकूड फुगतं, काथ्या आवळतो,
उरलेलं बादलीनं उपसायचं, दिवसातून दोनदा.
लाटेपुढं खिळा हट्ट धरतो, दोरा ऐकून घेतो.
(तो अरबीत काय म्हणाला देव जाणे,
होडेकरनं मराठीत असं आणलं.)

आयटीआयत गुरुजी ओरडायचे, आधी टाका मार!
मला हसू यायचं. लोखंडाला कसला टाका?
टाका आईचा. तंबाखूच्या वखारीत
ती दाभणानं पोती शिवायची, शेकड्यावर.
सुतळीनं अंगठ्याच्या कडेला खळगा पडलेला,
डोक्यावरून हात फिरला की तो वेगळा कळायचा.

मागच्या बाजूला एक झाकण होतं, दोरी लावून बंद.
विचारलं तर सालिम लाजला. इंजिन.
त्याशिवाय परवाना मिळत नाही. फोटो नको, प्लीज.
मी पोटावर झोपलो, मोबाइलचा उजेड आत सोडला.
इंजिनाखाली लोखंडी चौकट. तीन कोपरे देखणे.
चौथा मात्र कुणीतरी उताणं पडून,
हात पोचत नसताना, डाव्या हातानं केलेला:
दोन टाके, आणि त्यांवरून जाड, वाकडी, घाईची रेघ.

ठिणग्या गळ्यात गेल्या असणार त्याच्या.
उताण्याच्या जातातच.
काथ्या पेटू नये म्हणून
कुणी ओलं पोतं धरून बसला असणार शेजारी.

धक्क्यावर फलक आहे. त्यावर नावं:
सुतार, शिवणारे, काथ्या वळणाऱ्या बायकासुद्धा.
वेल्डर नाही.
कसा असेल? खिळा नसलेलं जहाज आहे हे.

कंपनीची बस पाचला. बूट तापून निखारा झालेले.

रात्री आईला फोनवर सांगितलं,
आज शिवलेलं जहाज बघितलं.
इतर कुणी म्हणालं असतं, काहीतरीच.
ती म्हणाली, दोरा कसला?
नारळाचा.
दुहेरी का एकेरी?
दुहेरी असावा.
आणि टाका केवढ्या अंतरावर?

मोजलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी टेप घेऊन जायचंय.
होडेकरला अजून बोललो नाही.