साडेअठरा

ग्रुप काढला तो पाण्यासाठी.
आयर्विन पुलापाशी किती फूट,
तासातासाला एवढंच टाकायचं,
आणि कुणाच्या माडीवर जागा आहे, कुणाकडं दोर.
पाणी उतरलं. भिंतींवर चिखलाच्या रेघा राहिल्या,
आणि फोनात आम्ही, खणभागातली दोनशे अकरा माणसं.

मग निवडणूक आली
आणि 'फूट' या शब्दाचा अर्थ बदलला.
सकाळची फुलं बंद झाली,
हात जोडलेले पुढारी सुरू झाले.
गटाराच्या वादात जिन्नाप्पा मगदूमांनी
मुबारक शिकलगारला लिहिलं, 'तुमच्यासारखे.'
पुढं काही नाही. वाक्यसुद्धा नाही धड.
पण त्या 'सारखे'त किती माणसं कोंबली होती,
मुबारकची आईसुद्धा,
जिनं पुराच्या रात्री मगदूमांच्या बाळंतिणीला
स्वतःचं कोरडं लुगडं दिलं होतं.

मी ॲडमिन. झेरॉक्सचं दुकान आहे माझं.
कुणालाही काढून टाकणं माझ्या बोटावर.
बोट ठेवून बघितलं. उचललं.
मग लिहिलं, साधंच:
"खोडायचं असेल तर आधी
समोरच्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहा.
तो 'हो, हेच' म्हणाला, की मग खोडा."

दोघं ग्रुप सोडून गेले.
एकानं विचारलं, बाई, शाळा काढली का?

त्या रात्री पावणेबाराला
जिन्नाप्पा टाइप करताना दिसले. थांबले. पुन्हा दिसले.
एक मेसेज आला, मी उघडेपर्यंत पुसलेला.
मग दुसरा.
मग तिसरा.
एकाखाली एक तीन करड्या ओळी,
भिंतीवरच्या रेघांसारख्या:
इथवर होतं, मग इथवर, मग इथवर.
त्यांत काय होतं मला ठाऊक नाही.
मुबारकनं वाचलं का, तेही मी विचारलं नाही.

चौथा राहिला:
"शिकलगार म्हणतोय, गटार रुंद केलं
तर त्याचं वेल्डिंगचं शेड जातंय,
आमच्या पायऱ्या मात्र राहताहेत. बरोबर का?"

बारा वाजून चार मिनिटं.
"शेड नाही, निम्मं शेड. बाकी हो, हेच."

रविवारी दोघं टेप धरून उभे,
एक टोक याच्याकडं, एक त्याच्याकडं,
एकमेकांकडं न बघता.
पायऱ्या सव्वा फूट पुढं निघाल्या.
फोटो वायदंडेंच्या शकूनं टाकला,
त्याखाली कुणी काही लिहिलं नाही.

मतं दोघांनी आपापल्या जागीच दिली.
गटार अजून उघडंच आहे.
अर्ज गेलाय, एकशे सदतीस सह्यांचा,
प्रती मीच काढल्या, शाई संपेपर्यंत.

काल धरणातून पाणी सोडलं.
कुणीतरी विचारलं, आयर्विनला किती?
मुबारक: अठरा फूट.
जिन्नाप्पा: साडेअठरा. आत्ताच बघून आलो.
मुबारक टाइप करत होता, बराच वेळ.

"हो. साडेअठरा."