सुटलेला टाका

वाळूचा शेवटचा कण निघेपर्यंत
मी ते स्वेटर सात वेळा धुतलं.
साबण चालत नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश,
आणि घाई करायची नाही.
आठव्यांदा धुतलं ते माझ्यासाठी.
पाणी नितळ उतरत होतं, तरी.

मग तपकिरी कागदावर त्याला हात पसरून निजवलं.
शेजारी टायरच्या चपला, एक चमचा,
आणि चिठ्ठी: खड्डा दोन, क्रमांक सतरा.

युराकपाताची माणसं पहाटेच्या ट्रकनं आली.
वाटेत कुणी बोललं नाही, ड्रायव्हर सांगत होता,
एक कोंबडी तेवढी घाट संपेपर्यंत ओरडत होती.
शाळेच्या हॉलमध्ये ती टेबलांमधून फिरली
बाजारात फिरतात तशी, हात मागे बांधून,
कशाचाच भाव विचारायचा नाही
असं घरून ठरवून आल्यासारखी.

एपिफानिया चोकेला आता नीट दिसत नाही.
नातीनं तिचा हात धरून सतरावर ठेवला,
चुकून. न्यायचं होतं अकराकडे.
म्हातारीची बोटं बाहीवर चढत गेली,
एक सुलट, दोन उलट, एक सुलट,
कोपराशी थांबली.

"इथं टाका सुटलाय.
विणत होते, तेवढ्यात मेंढी अडली. उठले.
परत येऊन मोजलेच नाहीत.
त्याला म्हटलं, उसवते. तो म्हणाला, राहू दे,
वाऱ्यालाही एक दार हवं."

सदतीस वर्षांत हे वाक्य
ती कुणापाशी बोलली नव्हती.

पण सतराची हाडं मी आधीच वाचली होती.
मांडीच्या हाडाचं टोक अजून सांधलं नव्हतं,
अक्कलदाढ जबड्यातच वाट पाहत होती.
सोळा. फार तर सतरा.
तिचा सेबेरिनो एक्केचाळीसचा,
पुढचे दोन दात खेचरानं पाडलेले.

हे कसं सांगायचं ते आम्हाला शिकवलेलं आहे.
आधी पाणी द्यायचं.
कागदांकडे नाही, माणसाकडे बघायचं.
"बहुधा" हा शब्द वापरायचा.
मी बहुधा म्हणाले.

ती गप्प. बोट त्या भोकात.
मग विचारलं, "त्या रात्री थंडी होती?"
मी काय सांगणार, माझा जन्मही झाला नव्हता.
उत्तर मागून आलं, भिंतीला टेकलेल्या बाईकडून:
"ऑगस्ट होता. इचूच्या पात्यांवर बर्फ.
माझ्या हेरवासियोला झोपेतून उठवून नेला,
अंगात नुसता सदरा."

त्रान्सितो लापा. दोघींची शेतं लागून,
आणि पाटाच्या पाण्यावरून
बोलणं तुटलेलं, त्या ऑगस्टच्याही आधीपासून.

बराच वेळ हॉलमध्ये फक्त पत्रा वाजत होता.

"ही वीण माझी," एपिफानिया म्हणाली.
"आतला माझा," त्रान्सितो म्हणाली.

फॉर्मवर ओळखणाऱ्याचं नातं लिहायला
एकच ओळ होती.
मी समासात लिहिलं, आडवं,
बारीक अक्षरात, दोघींची नावं,
आणि नात्याच्या जागी काय लिहावं ते न सुचून
पेन तसंच धरून बसले.

"मला परत नको," एपिफानिया म्हणाली,
"त्याच्यासोबतच जाऊ दे. सुई आहे का तुझ्याकडे?"
पुराव्याला सुई लावता येत नाही.
माझ्या पर्समध्ये सुई होती, पर्स मी टेबलावर ठेवली
आणि चहा आणायला गेले. सावकाश गेले,
वाटेत कुणाशी तरी हवेबद्दल बोललेसुद्धा.

परतले तेव्हा खांद्याची उसवलेली शिवण
घट्ट झाली होती. त्रान्सितो दाताने दोरा तोडत होती.
कोपराचं भोक तसंच ठेवलं होतं.

सेबेरिनो अजून मिळालेला नाही.
खड्डा तीन पाऊस सरल्यावर उघडतील.
त्याच्या कार्डावर कपड्यांच्या रकान्यात
इतकी वर्षं होतं: मेंढीच्या लोकरीचं स्वेटर, करडं.
ते खोडून मी लिहिलंय:
स्वेटर नाही.