एक जेवण, एक नाश्ता

आमच्या किचनमध्ये किलोमीटर कुणी विचारत नाही.
दुबई म्हणजे एक गरम ट्रे.
लंडन म्हणजे एक जेवण, एक नाश्ता.
सॅन फ्रान्सिस्कोला दोन जेवणं, मधे सँडविच,
शिवाय आडवेळी भूक लागली तर म्हणून वेगळं खोकं.
एवढं लांब कुणी का जातं
ते लेबलवर नसतं.

सहारच्या मागच्या गेटाशी, रात्रपाळीला,
डोक्याला जाळी, हातात निळे मोजे,
बारा वर्षं मी पृथ्वी मोजते आहे
डाळीच्या वाट्यांनी.
विमानात पाय ठेवलेला नाही.
पोटं तेवढी पाहिली आहेत त्यांची, खालून,
मरोळच्या गच्चीवर गोधड्या वाळत घालताना.

वैजूला तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली
तेव्हा तिने मोबाइल माझ्यापुढे धरला :
सात हजार दोनशे किलोमीटर. साडेनऊ तास.
म्हटलं, म्हणजे एक जेवण, एक नाश्ता.
हसली.
मग बॅगेची चेन लावत बसली,
लागलेलीच होती ती.

तिच्या रात्री मी रजा टाकली नाही.
नणंद म्हणाली, आई आहेस की कोण?
पण काचेच्या अलीकडे उभं राहून
हात हलवत बसण्यापेक्षा
मला आत असायचं होतं.

दोनशे चौतीस ट्रे.
त्यातला एक तिचा. कुठला, ते कसं कळणार?
वरून काही घालता येत नाही,
सगळं काट्यावर जातं,
आणि आमच्या मिरांडाबाई तर शितंसुद्धा मोजतील.
म्हणून मी दोनशे चौतीस झाकणं
अंगठा फिरवून फिरवून बसवली.
लोणच्याची पुडी उजवीकडे ठेवायची असते.
दोनशे चौतीस पुड्या मी डावीकडे ठेवल्या,
वैजू डावखुरी आहे.

मिरांडाबाई आल्या, पाहिलं.
एका ट्रेमधली पुडी उचलून उजवीकडे ठेवली.
थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.
मग परत डावीकडे.

त्या रात्री अरबी समुद्रावर
अख्खं विमान डावखुरं जेवलं असणार.

दुसऱ्या दिवशी फोन आला.
पोचले. थंडी आहे गं.
जेवलीस का?
नाही. सुटल्या सुटल्या डोळा लागला,
ती उतरताना जागी झाले.

म्हणजे तो एक तसाच गेला.
उरलेलं तिकडे जाळून टाकतात म्हणे, कायदा आहे.
मी तिला काही सांगितलं नाही.
स्वेटर घाल म्हटलं.

काल गाडी भरताना सुलेमान सांगत होता :
जाताना वारा तोंडावर असतो,
येताना पाठीशी.
अंतर तेवढंच, पण तास एक कमी.
इतकी वर्षं इथे, आणि हे मला माहीत नव्हतं,
की येणं हे जाण्यापेक्षा
जवळ असतं.

दिवाळीला जमलं तर बघते, म्हणाली आहे.
येतानाचे ट्रे तिकडेच भरतात.
तिथेही कुणी बाई असेल, जाळी घातलेली,
रात्रपाळीची.
पुडी कुठल्या हाताला ठेवत असेल
कोण जाणे.